लेकीच्या गेममध्ये बाबांनी रात्री वाढवलेल्या लेव्हल

पत्र, थोडक्यात: लिहिणारे दापोली तालुक्यातल्या एका बंदरावर बोटीचे तांडेल आहेत, वय ४३. हंगामात आठ-आठ दिवस समुद्रात असतात. घरी सलग राहणं होतं ते फक्त जून-जुलैच्या मासेमारी बंदीत. आठवीतल्या लेकीला मुंबईच्या मामाने मे महिन्यात आपला जुना प्लेस्टेशन ४ हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल दिला. सोबतच्या डिस्कमध्ये ‘ब्लडस्टेन्ड: रिच्युअल ऑफ द नाइट’ हा गेम होता. संध्याकाळी लेक खेळायची, बाबा शेजारी बसून बघायचे. जुलैत एका बॉसपाशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या राक्षसापाशी, घोडं अडलं. चार संध्याकाळी ती हरली. चौथ्या दिवशी तिने कंट्रोलर खाली ठेवून डोळे पुसले. मग शाळेची चाचणी आली आणि आठवडाभर टीव्ही बंद राहिला. त्या आठवड्यात घर झोपल्यावर, आवाज पूर्ण बंद करून, बाबांनी तिच्याच सेव्हमध्ये, म्हणजे तिने जिथवर खेळून जपून ठेवलं होतं तिथून पुढे, खेळायला सुरुवात केली. बॉसच्या वाटेला ते गेले नाहीत. आसपासच्या दालनांतले छोटे राक्षस पुन्हा पुन्हा मारले, लेव्हल (पात्राच्या ताकदीचा आकडा) वाढवल्या, पदार्थ करून खाल्ले, चांगली तलवार मिळवली. चाचणी संपल्यावर लेक खेळायला बसली आणि बॉस अर्ध्या मिनिटात आडवा झाला. तिने उड्या मारल्या, आईला हाक मारून बोलावलं. मग मेनू उघडला. आठवड्यापूर्वी १६ असलेली लेव्हल आता २७ दिसत होती. “कोण खेळलं?” बाबा हसत म्हणाले, “मी. तुझ्यासाठीच.” तिने टीव्ही बंद केला. “मग आता हा तुझाच गेम,” एवढंच बोलली. त्याला दोन आठवडे झाले. कन्सोलला तिने हात लावलेला नाही आणि बाबांशी बोलणं जेवढ्यास तेवढं आहे.

ते विचारतात: “गेमच तर आहे. मी तिचं काय हिरावून घेतलं? तिची फी भरतो, दप्तर उचलतो, तसंच हे केलं. बायको म्हणते, विकून टाका ते खोकं. नारळी पौर्णिमा झाली की मी बोटीवर जाणार, त्याआधी हे मिटायला हवं. आणि एक खरं सांगतो, रात्री खेळताना मला फार मजा आली. हे तिला सांगावं का?”

नमस्कार दादा,

“गेमच तर आहे” हे वाक्य आधी बाजूला ठेवू या. ज्याच्यासाठी तुम्ही आठवडाभर झोप मोडलीत, ते तुमच्या लेखी साधं नव्हतं. तिच्याही लेखी नाही. पत्रात तुम्ही बॉस, लेव्हल, पदार्थ, तलवार हे सगळं इतक्या बारकाईने लिहिलं आहे की हा गेम तुम्हाला चांगलाच कळला आहे, हे दिसतं. म्हणून मी गेमच्याच आतून बोलते. तिचं काय गेलं हे तिथेच नीट कळेल.

तुमच्या वयाच्या मंडळींनी लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट घालून मारिओ खेळलेला असतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. त्यात मशरूम मिळालं की मारिओ मोठा होतो, पण एक धक्का लागला की पुन्हा लहान. खड्ड्यात तर दोघेही सारखेच पडतात. पहिल्या दिवशीचा मारिओ आणि वर्षभरानंतरचा मारिओ यांच्यात काडीचा फरक नसतो. फरक पडतो तो खेळणाऱ्यात. उडीचं बटण किती वेळ दाबून ठेवायचं, धावत येऊन कुठून उडायचं, हे त्याच्या बोटांना कळलेलं असतं. रोल-प्लेइंग गेमची रीत वेगळी. जपानमध्ये १९८६ साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये लढाईतून अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते आणि लेव्हलबरोबर पात्राची ताकद वाढते. आपली पाळी आली की हवा तेवढा वेळ विचार करावा. तिथे चपळाई नसली तरी चालते, चिकाटी हवी.

पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले. १९८७ च्या ‘झेल्डा २’मध्ये बाजूने दिसणाऱ्या, उड्या मारायच्या खेळात अनुभवाचे गुण आले. १९९७ च्या ‘कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट’ने एक अख्खा किल्ला उभा केला. त्यात उड्या आहेत, तलवारबाजी आहे, आणि सोबत लेव्हल, चिलखतं, अंगठ्या हेही आहे. त्या गेममध्ये मोठा वाटा असलेल्या कोजी इगाराशी यांनी २०१५ मध्ये चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली आणि २०१९ मध्ये जो गेम आणला, तोच तुमच्या घरातला ‘ब्लडस्टेन्ड’. त्यातली नायिका मिरियम लढून मोठी होते, आणि तिच्याबरोबर तिला खेळवणारीही मोठी होत जाते. ही दोन वाढी अगदी वेगळ्या आहेत.

तुम्ही तांडेल आहात, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. बोटीला दुप्पट ताकदीचं इंजिन कुणीही बसवून देऊ शकतं. मालक देईल, सोसायटी कर्ज देईल. पण ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूवरून बोट कुठून काढायची, लाट कधी अंगावर घ्यायची आणि कधी थांबायचं, हे तुमच्या हाताला कळतं ते दुसरं कुणी बसवून देऊ शकत नाही. तुम्ही रात्री मिरियमला मोठं इंजिन बसवलंत. बोट वाळू ओलांडून गेली. पण ती वाळू ओलांडायला तुमची लेक चार संध्याकाळी शिकत होती, आणि त्या शिकण्याची आता गरजच उरली नाही.

तुम्ही त्या चार दिवसांबद्दल लिहिलं आहे, “ती सारखी हरत होती.” तुम्ही शेजारीच बसला होतात, म्हणून विचारते. पहिल्या दिवशी ती किती वेळ टिकली होती? चौथ्या दिवशी किती? बॉसची ताकद पहिल्या दिवशी किती उतरली होती आणि चौथ्या दिवशी किती? अशा गेममध्ये प्रत्येक बॉस वार करण्याआधी काहीतरी खूण देतो. मागे सरकतो, हात उगारतो, अंगावर उजेड चढतो. पहिल्या दिवशी सगळेच वार अचानक आल्यासारखे वाटतात. मग यावर उडी मारायची, याखालून घसरत जायचं, याच्यापासून मागे हटायचं, हे एकेक सुटत जातं. जेमतेम एक-दोन फटके उरलेले असताना हरलं की रडू येतं. जिथे आशाच नसते तिथे माणूस कंटाळून उठून जातो, रडत नाही. म्हणून मला वाटतं, चौथ्या दिवशी ती बॉसच्या अगदी जवळ पोचली होती. तुम्ही आठवून बघा.

आणि हा गेम त्या कौशल्याची वेगळी नोंदही ठेवतो. बॉसचा एकही वार अंगावर न घेता त्याला हरवलं, तर त्याचं पदक मिळतं. लेव्हल कितीही चढवा, ते पदक वार चुकवणाऱ्या बोटांचंच असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. लेव्हल वाढल्या म्हणून ती एवढी दुखावली असेल असं मला वाटत नाही. ती जिंकली तेव्हा नाचली. आईला हाक मारून बोलावलं. घरात सगळ्यांसमोर तो आनंद केला, आणि तो होत असताना खोलीत एक माणूस होता ज्याला खरं काय ते ठाऊक होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे फार लागतं. तिला वाटलं असेल, बाबांच्या मनात मी चार दिवसांतच नापास झाले होते. बाबांनी ठरवलं की हिला हे जमणार नाही, आणि मला न सांगता ठरवलं. दप्तर तुम्ही तिच्या डोळ्यांदेखत उचलता. जड झालं की ती तुमच्याकडे देते, नको असेल तेव्हा ओढून घेते. इथे तिला देण्याची किंवा नाही म्हणण्याची संधीच मिळाली नाही.

मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. वर्षातले आठ-दहा महिने तुम्ही लांब असता. तिचा पडलेला दात, गॅदरिंगमधला नाच, ताप, हे सगळं तुम्हाला फोनवर किंवा परत आल्यावर कळतं. मग बंदीच्या दोन महिन्यांत ती डोळ्यांसमोर रडते आणि पहिल्यांदाच ते दुःख तुमच्या हाताच्या टप्प्यात येतं. जीव कळवळणारच. हात पुढे जाणारच. लांब नोकरी करणाऱ्या, महिन्या-सहा महिन्यांनी घरी येणाऱ्या कोकणातल्या कितीतरी आईवडिलांचं असं होतं. थोड्या दिवसांत सगळं भरून काढायची घाई होते, आणि मूल ज्याच्याशी झुंजत असतं ते आपणच उचलून बाजूला ठेवतो. रडणारं मूल दर वेळी मदत मागत असतं, असं आपण धरून चालतो. कधी कधी त्याला एवढंच हवं असतं, की कुणीतरी शेजारी बसावं आणि म्हणावं, “काय जवळ आली होतीस गं!”

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने. तुमची लेक हे सदर वाचत असेल, तर ही तिच्यासाठीही आहे. लेव्हल वाढवून जिंकणं ही लबाडी नाही. हे गेम मुद्दाम तसे बनवलेले आहेत. बोटं मंद असोत, हात दुखत असो, नजर कमी असो, वय झालेलं असो, किंवा साधा संध्याकाळचा एक तासच हाताशी असो. अशा माणसाने चार खोल्या मागे जावं, ओळखीचे राक्षस मारावेत (दालनातून बाहेर पडून परत आलं की ते पुन्हा उभे असतातच), किमयागार योहानेसकडे जाऊन नवे पदार्थ शिजवून घ्यावेत. ‘ब्लडस्टेन्ड’मध्ये प्रत्येक पदार्थ पहिल्यांदा खाल्ला की मिरियमची ताकद कायमची थोडी वाढते. हे सगळं गेमच्या नियमांतच आहे आणि यात कमीपणा नाही. केवळ उड्यांवर चालणाऱ्या खेळातून जे लोक पहिल्या अर्ध्या तासात बाहेर फेकले जातात, ते अशा मिश्र गेममुळे शेवटपर्यंत पोचतात. मला हे गेम आवडतात ते याचसाठी. हातांनी जिंकायचं की आकड्यांनी, आणि त्यातलं किती-किती, हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. तुमच्याकडून झालं ते एवढंच की ही निवड तिच्याऐवजी तुम्ही केलीत.

तर आता काय करावं.

पहिल्यांदा माफी मागा, आणि ती छोटी असू द्या. “मी तुला न विचारता तुझ्या सेव्हमध्ये खेळलो. तू जिंकलीस तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. चुकलं माझं.” इथेच थांबा. “पण मी तुझ्यासाठीच” हे शब्द जिभेवर येतील, ते गिळा. ते खरे आहेत, तिलाही ते ठाऊक आहे. पण ते बोललात की तिने रागावण्याची सोय राहत नाही, उलट तिनेच आभार मानायला हवेत असं होतं. ती “ठीक आहे” म्हणून उठून गेली तर जाऊ द्या. त्याच संध्याकाळी सगळं सुरळीत व्हायलाच हवं असा धोशा लावू नका. बोटीवर जायची तारीख तुमची आहे, तिच्या रुसव्याची तारीख तिची.

दुसरं, मेनूत जाऊन सेव्हचे स्लॉट, म्हणजे खेळ जपून ठेवायचे वेगवेगळे कप्पे, बघा. तिने कधी एखाद्या वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह केलं असेल, तर बॉसच्या आधीची तिची मिरियम अजून तिथेच असेल. तसं काही सापडलं, तर तिला फक्त सांगा, तुम्ही उघडू नका. नसेल तर ती लढाई परत आणता येणार नाही. मग तिच्यासमोर दोन वाटा राहतात. त्याच सेव्हमध्ये पुढे खेळायचं किंवा नव्या स्लॉटमध्ये पहिल्यापासून सुरू करायचं. या दोन्ही तिला सांगा आणि निवड तिच्यावर सोडा. पहिल्यापासून म्हणजे मिनर्व्हा जहाजाच्या डेकपासून. समुद्रात हेलकावणारं जहाज आणि त्यावर चढून येणारी पहिली बॉस व्हेपार. बंदरावर वाढलेल्या मुलीला त्या भागात परत जायला आवडेल असा माझा अंदाज आहे. आता तिची बोटं तयार आहेत, त्यामुळे ज्या वाटेला पहिल्यांदा कितीतरी दिवस लागले ती यावेळी झटकन सरेल. पुन्हा त्या अडलेल्या बॉसपाशी येईल तेव्हा तिची लेव्हल किती असावी, हे तीच ठरवेल. पदकाबद्दल तिला माहीत नसेल तर एवढं मात्र जरूर सांगा. अशा जिद्दी मुलीला तो विषय पुरेल.

तिसरा तुमच्या मजेचा प्रश्न. सांगा. अगदी जरूर सांगा. फक्त माफीच्या वाक्याला जोडून नको, दोन-तीन दिवस जाऊ द्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. रात्री एकट्याने, आवाज बंद करून एक माणूस खेळतो, त्याला मजा येते, आणि ती मजा तो “लेकीसाठी” या नावाखाली लपवतो. मोठ्या माणसांना, त्यातून गावात, खेळावंसं वाटतं हे बोलायची लाज वाटते. चाळीशीनंतर पुरुषाने पत्ते खेळलेले चालतात, क्रिकेटची टीम काढलेली चालते, पण व्हिडिओ गेम म्हटलं की पोरकटपणा ठरतो. तुम्हाला तो आवडला, यात लपवण्यासारखं काय आहे? तिला म्हणा, “मला हा गेम खेळायचाय. मला वेगळ्या स्लॉटमध्ये सुरू करून देशील?” आणि खरंच पहिल्यापासून खेळा. रात्री तुम्ही लेव्हलच्या जोरावर छोटे राक्षस झोडपलेत, पण व्हेपारसमोर सुरुवातीच्या लेव्हलच्या मिरियमला घेऊन उभे राहिलात की बोटांचं काय ते कळेल. तुम्ही हराल. तिला ते दिसेल. कधी उडी मारायची हे ती सांगेल, तुमचं ऐकून न ऐकल्यासारखं होईल, ती चिडेल. तुमच्या दोघांत अडकलेलं बोलणं सुटायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. आणि एक पथ्य पाळा. तुमच्या सेव्हमध्येसुद्धा तिची मदत घ्यायची तर ती “बाबा, देऊ का मी मारून?” म्हणाल्यावर, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच.

ती पुन्हा अडली, आणि अडणारच, तर तुमच्या हाताला काय काम? बघण्याचं. खेळणारीची नजर स्वतःच्या पात्रावर खिळलेली असते, शेजारच्याला अख्खा पडदा दिसतो. “उजवा हात वर गेला की आग येते, डावा गेला की उडी मारतो,” हे तुम्ही टिपू शकता. पण तेही विचारून सांगा. काही मुलांना स्वतः शोधायचं असतं. “सांगू का मला काय दिसलं ते?” एवढं पुरतं. नको म्हणाली तर चहा प्या आणि बघत बसा.

दोघांना मिळून खेळायचं असेल, तर त्याच पठडीतला एक सौम्य गेम आहे, २०१४ चा ‘चाइल्ड ऑफ लाइट’. त्यात ऑरोरा नावाची मुलगी आहे आणि तिच्यासोबत इग्निक्युलस नावाचा काजव्यासारखा उजेडाचा ठिपका. दुसरा कंट्रोलर घेतलेल्या माणसाने तो ठिपका चालवायचा. लढाईत तो शत्रूवर उजेड टाकून त्याचा वेग कमी करतो, ऑरोराला बरं करतो, पण वार तिनेच करायचे असतात. तुमच्यासारख्या बाबांना हे काम फार शोभेल. लढाया पाळीपाळीने होतात, त्यामुळे घाई नाही. लेव्हल दोघांसमोर वाढतात आणि कौशल्यांच्या फांद्यांपैकी कोणती घ्यायची यावर दोघांना वाद घालता येतो.

आणि आकड्यांवरच तिचा राग असेल, “मला लेव्हल नकोतच” म्हणत असेल, तर २०१७ चा ‘हॉलो नाइट’ तिला आवडावा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या एका लहानशा चमूने तो केला. त्यात अनुभवाचे गुण नाहीत. शस्त्राला धार लावून घेता येते, अंगावर ताईत घालता येतात, आयुष्याचे मुखवटे वाढवता येतात, पण हे सगळं शोधून, कष्टाने मिळतं, आणि तरीही बॉससमोर बोटंच लागतात. मेल्यावर जमवलेलं धन तिथेच पडून राहतं आणि ते आणायला परत त्याच जागी जावं लागतं. वाटेत पुन्हा मेलात तर गेलं. कठीण आहे, पहिल्याच गेमला मी तो कुणाला देणार नाही, पण ती आता नवखी नाही. आपल्याकडचं काही हवं असेल तर पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ आहे. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. त्यात रोल-प्लेइंग थोडं आणि उड्या-लढाया जास्त आहेत. हे तिन्ही गेम प्लेस्टेशन ४ वर चालतात.

आता वहिनींचा मुद्दा. “विकून टाका ते खोकं” या वाक्यामागे काय आहे, हे तुम्ही त्यांना विचारलं का? पत्रात त्या फक्त एका ओळीपुरत्या येतात. त्या आठवड्यात रात्री टीव्हीचा उजेड घरात पडत होता, तो त्यांनी पाहिला नसेल असं मला वाटत नाही. दोन महिने नवरा घरी आणि तो संध्याकाळी लेकीसोबत पडद्यासमोर, रात्री एकटा पडद्यासमोर. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे विचारा. उत्तर अभ्यासाबद्दल असेल, वीजबिलाबद्दल असेल, किंवा तुमच्याबद्दल असेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि विकणं त्यातल्या बहुतेकांचा उपाय नाही.

वेळेवरून भांडण असेल तर एक व्यवहारी गोष्ट सांगते. कन्सोल असलेल्या प्रत्येक घराला तिचा उपयोग होईल. ‘ब्लडस्टेन्ड’सारख्या गेममध्ये वाटेल तिथे सेव्ह करता येत नाही, ठरावीक सेव्ह रूममध्येच करता येतं. तिथवर पोचण्याआधी कन्सोल पूर्ण बंद केला, की मागच्या सेव्हनंतरचं सगळं पाण्यात. म्हणून आईने “आत्ताच्या आत्ता बंद कर” म्हटलं की मूल पिसाळतं, आणि आईला वाटतं उर्मटपणा करतंय. त्याऐवजी पंधरा मिनिटं आधी सांगावं, “पुढची सेव्ह रूम आली की थांब.” मुलानेही ती आल्यावर थांबलंच पाहिजे, एकदा ठरल्यावर सबब नाही. वहिनींना एकदा शेजारी बसवून सेव्ह रूम कशी दिसते ते लेकीने दाखवावं. पुढच्या वेळी त्या स्वतःच म्हणतील, “आली बघ, आता उठ.”

पावसाळ्यात आपल्याकडे दिवे कधी जातील याचा भरवसा नसतो. वीज गेली तरी मागच्या सेव्हनंतरचं जातंच, आणि सेव्ह होत असतानाच गेली तर फाइल बिघडू शकते. इन्व्हर्टर असेल तर कन्सोल आणि टीव्ही त्यावर घ्या, नसेल तर वादळी संध्याकाळी दर सेव्ह रूमला थांबायची सवय लावा. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतले भाग गंजतात हे तुम्हाला मी काय सांगणार, इंजिनाचं तुम्ही रोज बघता. खेळून झाल्यावर कन्सोल थंड होऊ द्या, मग कापडाने झाका. चालू असताना मात्र झाकू नका, पंख्याला हवा लागते.

बोटी पुन्हा समुद्रात जायला लागल्यावर काय, याची काळजी तुमच्या पत्रात दिसते. समुद्रात रेंज गेली की फोनही नाही. जाण्याआधी एवढंच ठरवा: तुमचा स्लॉट तुमचा, तिचा स्लॉट तिचा, आणि एकमेकांच्या स्लॉटला परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या आठ दिवसांत ती किती पुढे गेली हे परत आल्यावर तिच्याच तोंडून ऐका. तुमचा स्लॉट मागे पडेल, पडू द्या. गणपतीत चार दिवस घरी असाल तेव्हा मामाही मुंबईहून येईल. त्याच्यासमोर ही रात्रीच्या लेव्हलची गोष्ट गंमत म्हणून सांगू नका. तिने स्वतः सांगितली आणि हसली, तर तुम्हीही हसा.

एवढं सगळं करूनही ती म्हणाली, “मला आता खेळायचंच नाही,” तर तेही मान्य करा. महिनाभराने मन बदलेल किंवा बदलणार नाही. त्या काळात तुम्ही खेळायचं की नाही, तेही तिला विचारा. आणि विकायचंच ठरलं, तर तो निर्णय तुम्ही दोघा नवरा-बायकोने परस्पर घेऊ नका. कन्सोल मामाने तिला दिला आहे. विकायचा की ठेवायचा, आणि विकला तर आलेल्या पैशांचं काय करायचं, हे तिच्याशी बोलूनच ठरवा.